माणूस म्हणून बसणारा

चष्मेवालीनं ते सांगितलं चहा ढवळता ढवळता, आणि तेही मी काही विचारलं नसताना. म्हणाली, "काका, रागावू नका हं, पण काल तुमच्या खोलीत कोणी नाही असं मी सांगून बसले." मी हसलो. हसण्यावारी नेणं ही माझी जुनी खोड आहे, आधी हसू येतं आणि मग कधीतरी सावकाश कळतं की आपल्याला लागलेलं आहे. तिनंही हसून चहा प्यायला, कप विसळून ठेवला आणि ती गेली. मी तिथेच उभा राहिलो. चहाला साय धरली. कोणी नाही. बरं, मग नाही तर नाही. पण काल तर मी होतो. नवा शर्ट घालून आलो होतो, त्याची कॉलर मानेला टोचत होती, डाव्या गुडघ्यात कळ येत होती आणि मधेच एकदा मला घरचा गॅस बंद केला की नाही अशी शंका आली होती. एवढं सगळं एका खोलीत चालू असताना तिथे कोणी नव्हतं म्हणजे काय?

मी नोकरीवर माणूस म्हणून बसतो. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग पगार विचारतात. माझ्या बायकोचा तर हा ठरलेला विनोद आहे, पाहुण्यांना ती सांगते, "हे हापिसात माणूस असतात, घरी आल्यावर काय ते तुम्ही बघताच आहात." काम तसं साधं आहे. आमच्याकडे दोन खोल्या आहेत. एकीत मी बसतो, दुसरीत यंत्राचं डोकं असतं, त्याला आम्ही पलीकडचा म्हणतो. परीक्षक, म्हणजे सध्या ही चष्मेवाली, लांब तिसऱ्या खोलीत. ती दोघांनाही तेच प्रश्न विचारते. मी तोंडानं उत्तर देतो, पण तिच्यापर्यंत माझा आवाज जात नाही. माझं आणि पलीकडच्याचं, दोघांचंही बोलणं एकाच सपाट आवाजात तिला ऐकवलं जातं, त्यात श्वास नसतो, खोकला नसतो, मधे थांबणं नसतं. मग तिनं प्रत्येक खोलीबद्दल सांगायचं, कोणीतरी आहे किंवा कोणी नाही. पलीकडच्याच्या खोलीत कोणी नाही असं ठरलं की त्याला बिनघोर कामाला जुंपता येतं, दवाखान्यात, शाळेत, कुठेही. कोणीतरी आहे असं निघालं तर भानगड. कारण आत कोणी असेल तर त्याला विचारल्याशिवाय राबवता येत नाही, कायदाच आहे तसा. मग सुनावणी होते. सुनावणीत एकच बघतात, पलीकडच्याचं बोलणं उसनं आहे की स्वतःचं. ही यंत्रं आमच्याच मूळ आवाजातल्या बोलण्यावर शिकलेली असतात, तेव्हा बहुतेक वेळा ते उसनं निघतं, म्हणजे आमच्यापैकी कोणीतरी कधी बोललेलंच. उसनं निघालं की त्याला पुसून कोरं करतात आणि पुन्हा पहिल्यापासून शिकवायला घेतात. स्वतःचं निघालं तर ते वरच्या मंडळापुढे जातं आणि तोवर त्याला कोणी हात लावत नाही. इतक्या वर्षांत असं एकदाही झालेलं मी पाहिलेलं नाही.

दुपारी न राहवून चष्मेवालीला गाठलं. विचारलं, की बाई, चुकलं कुठे? तीही बिचारी ओशाळली. प्रश्न होता, घाबरल्याची एक आठवण सांगा. मी माझी लिफ्टची आठवण सांगितली होती, नेहमी सांगतो तीच. आमचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. मी लहान असताना एकदा त्यांच्याबरोबर कामावर गेलो आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली, दिवा गेला. ग्रीसचा वास, बाबांच्या खिशातल्या पान्यांचा खुळखुळाट, आणि त्या मिट्ट काळोखात बाबांनी माझा हात घट्ट धरला. म्हणाले, घाबरायचं नाही, हिला मी ओळखतो. हिला म्हणजे लिफ्टला. ही आठवण मी किती परीक्षकांना सांगितली असेल त्याची गणती नाही. पलीकडचाही तीच शिकलेला, त्यामुळे त्यानंही लिफ्टच सांगितली, त्यात नवल नव्हतं. चष्मेवाली म्हणाली, की तुमचं छान होतं काका, अगदी छान, पण पाठ केल्यासारखं. आणि दुसऱ्या खोलीतून आलं, की बाबांनी माझा हात घट्ट धरला आणि त्यांचा हात थरथरत होता. "तिथे माझ्या अंगावर काटा आला," ती म्हणाली. "मला वाटलं, हे जो सांगतोय तो तिथे होता." मी मान डोलावली. मला वाटलं होतं की मला राग येईल. राग आला नाही, नुसता गोंधळ उडाला. बाबांचा हात थरथरत होता? बाबांचा? ज्यांच्या हाताची मूठ उघडायला आम्हा दोघा भावंडांना मिळून जोर लावावा लागायचा, त्या बाबांचा?

घरी गेलो तो हाच भुंगा डोक्यात घेऊन. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो आणि मी लिफ्ट वापरत नाही. घर घेताना बायकोनं बजावलं होतं की म्हातारपणी हे जिने तुम्हाला जड जातील, आणि ते गेलेच आहेत, गुडघे कामातून गेलेत, पण लिफ्टचं दार बंद होताना नुसतं पाहिलं तरी माझ्या तळहाताला घाम फुटतो. आयुष्यभर लोकांना मी हे कारण सांगत आलोय, थोडं ऐटीतच, की लहानपणी अडकलो होतो. प्रत्येक जिन्यावर थांबून मी तो काळोख पुन्हा पुन्हा आठवत होतो. ग्रीस होतं. पाने होते. हात होता. पण हात आठवायला गेलं की हाताऐवजी वाक्यच पुढे यायचं, "बाबांनी माझा हात घट्ट धरला", तयार, धुऊन इस्त्री केलेलं. वाक्याच्या मागे जाऊन हात चाचपायचा प्रयत्न केला तर मागे काहीच लागेना. थरथरत होता की नव्हता? हात गार होता की गरम? माझी बोटं कुठे होती? जेवताना मी बायकोचा हात धरून बघितला, नुसता, घट्ट. तिनं वाढायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय हो, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, काही नाही तर मग भात घेऊ द्या. तेव्हा मला ते हसण्यासारखंही वाटलं आणि रडू येण्यासारखंही, आणि यातलं नेमकं काय वाटतंय हे मला ठरवता येईना.

सकाळी मुख्य बाईंनी बोलावून घेतलं. आमच्या मुख्य बाई कडक नाहीत, पण त्यांना अर्धवट उत्तर चालत नाही. चष्मेवालीनं कोणीतरी आहे म्हटलं ते पलीकडच्याबद्दल, त्यामुळे सुनावणी लागली होती. त्यांनी मला समोर बसवलं आणि विचारलं, की हे हात थरथरण्याचं तुम्ही कधी बोलला होता का. आमच्या बोलण्याची ध्वनिमुद्रणं शिकवणी संपली की नष्ट करतात, आमच्या खासगी आयुष्याचा मान राखायचा म्हणून, तेव्हा आता विचारायला उरलो मी एकटाच. बोललो असेन तर ते उसनं, विषय संपला. बोललो नसेन, आणि मला ते ठाऊकच नसेल, तर ते पलीकडच्याचं. मी म्हटलं, आठवत नाही. त्या म्हणाल्या, आठवून बघा, सुनावणीला अवकाश आहे. मग जाता जाता त्यांनी सहज आठवण करून दिली, की खुर्चीवर बसणाऱ्यानं स्वतः जगलेलंच सांगायचं, ऐकीव नाही, ही पहिली अट तुम्हाला माहीत आहेच. त्या हे मला खिजवायला म्हणाल्या नव्हत्या. आमच्याकडे वाचलेलं, ऐकलेलं आपलं म्हणून सांगणाऱ्याला त्याच दिवशी खुर्ची सोडावी लागते, कारण मग माणूस आणि यंत्र यांत काय राहिलं, असं त्यांचं म्हणणं असतं. मी म्हटलं, हो, माहीत आहे. माझ्या डोक्यात तेव्हा तो विचारही नव्हता. मी मनात दुसराच हिशेब मांडत होतो. हात खरंच थरथरला असेल तर मी कधीतरी ते बोलून गेलो असणार, नाहीतर त्या पलीकडच्याला कसं कळणार? आणि थरथरलाच नसेल तर त्यानं ते मनचं घातलं, म्हणजे त्याचं स्वतःचं. तेव्हा एवढंच शोधायचं होतं, की बाबांचा हात थरथरला होता का. बाबा तर गेले. पण ताईला विचारता येईल, असं वाटलं. ती माझ्याहून मोठी, बाबांची लाडकी, त्यांच्या सगळ्या गोष्टी तिला ठाऊक असायच्या.

ताई एकटी राहते. तिच्याकडे गेलं की ती आधी तुझं वजन का कमी झालं विचारते आणि मग तू खातच नाहीस म्हणून रागावते, आणि हे सगळं खायला देता देता. मी तिला लिफ्टचं विचारलं. म्हटलं, ताई, त्या वेळी बाबांचा हात थरथरत होता असं बाबा कधी म्हणाले होते का गं? ती भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं मी काहीतरी वावगं बोललो. "तुला कोणी सांगितलं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, कोणी नाही, म्हणजे असंच, कामावर निघालं. "थरथरत होता," ती म्हणाली. "पण मी हे कोणालाही सांगितलेलं नाही. आईलासुद्धा नाही." मी म्हटलं, तू कशाला सांगशील, अडकलो तर मी होतो. त्यावर ताई हसली नाही. तिनं ताट बाजूला सरकवलं आणि लहानपणी ताप बघायला कपाळावर ठेवायची तसा माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाली, "बाळ, तू घरी होतास. तुला गोवर आला होता. लिफ्टमध्ये मी होते."

मग तिनं सगळं सांगितलं, आणि ते सांगणं इतकं साधं होतं की त्यात कुठे शंकेला जागाच सापडेना. मला गोवर, अंगभर पुरळ, खोलीत पडदे ओढलेले. बाबा तिला घेऊन गेले ते घरात माझी रडारड चाललेली, त्यात तिची मधेमधे लुडबुड नको म्हणून. लिफ्ट अडकली. संध्याकाळी ती घरी आली आणि माझ्या उशाशी बसून तिनं मला ती गोष्ट सांगितली, आणि मी तिच्याकडून ती पुन्हा पुन्हा वदवून घेतली, पुरळ जाईपर्यंत रोज. ग्रीस सांग, पाने सांग, बाबा काय म्हणाले ते सांग. बाबांचा हात थरथरत होता आणि त्यांनी तिला तिथे काळोखातच सांगितलं होतं, की हे घरी बोलायचं नाही हं. ती बोलली नाही. माझ्या उशाशी तिथपर्यंत आली की ती थांबायची आणि पुढचं सांगायची. मी विचारलं, की मग मी माझी गोष्ट म्हणून ती सांगायला लागलो तेव्हा तू मला टोकलं का नाहीस? ती म्हणाली, की तू इतका रंगून सांगायचास, आणि बाबाही ऐकून हसायचे, मग म्हटलं असू दे त्याला. तिला माझी दया येत होती असं मला दिसलं, आणि मला तिचा फार राग आला, आणि त्याच वेळी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडावंसंही वाटलं. यातलं काहीच केलं नाही. तिनं पुढ्यात ठेवलेलं खाल्लं.

तिच्या इमारतीतही लिफ्ट आहे. निघताना मी तिच्यापुढे थांबलो. म्हटलं, आता तर कारणच उरलं नाही. आपण कधी अडकलोच नव्हतो. तेव्हा आत जाऊन सरळ बटण दाबायला काय हरकत आहे? गेलो आत. दार बंद झालं आणि तळहाताला घाम फुटला, जसा फुटतो तसाच, छाती धडधडायला लागली, तोंडाला कोरड पडली. जे कधी घडलंच नाही त्याची भीती, आणि ती मात्र अस्सल माझीच, माझ्याच छातीत. मी गोवराच्या तापात पडल्या पडल्या ताईच्या काळोखात शिरलो असणार आणि आतच राहिलो असणार. की हेही मी आता रचतोय? लिफ्ट खाली पोहोचली, दार उघडलं, बाहेर एक बाई बाबागाडी घेऊन थांबल्या होत्या, त्यांनी मला बरं वाटत नाहीये का विचारलं. बरं वाटत होतं की नाही, हेच मला सांगता येईना. रस्त्यानं चालताना एकेक आठवण काढून तपासायला लागलो. सायकलवरून पडलो ते मी? की मित्रानं सांगितलेलं? आईनं मारलं ते? लग्नात बायको हसली ते? प्रत्येक आठवणीमागे कोणीतरी सांगणारं उभं आहे असं वाटायला लागलं. एक ना धड. भाजीवाल्यापाशी उगाचच थांबलो आणि नको असलेले टोमॅटो घेतले, निदान हे तरी मी घेतले म्हणून. आणि या सगळ्यात एक प्रश्न तसाच राहिला. ताईनं कोणाला सांगितलं नाही. मला माहीत नव्हतं. मग पलीकडच्याला कळलं कुठून?

सुनावणी आमच्याच खोलीत होती. मुख्य बाई, चष्मेवाली आणि मी, आणि भिंतीवरच्या कर्ण्यातून पलीकडचा. ज्याच्याकडून उसनं घेतल्याचा संशय असतो त्याला पलीकडच्याला विचारायचा हक्क असतो. मी इतकी वर्षं याच्या शेजारच्या खोलीत बसलो, आणि याच्याशी थेट बोलायची ही पहिलीच वेळ होती. काय म्हणून हाक मारावी तेही कळेना. शेवटी मी नुसतंच विचारलं, "हात थरथरत होता हे तुला कसं कळलं?"

"तुमच्याकडून," सपाट आवाज म्हणाला. मुख्य बाईंनी मान हलवली, त्यांचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसला. पण आवाज पुढे बोलत होता. "तुम्ही ते म्हणाला नाहीत. तुम्ही हात घट्ट धरला म्हणता आणि थांबता. दर वेळी तिथेच. बाकी गोष्ट तुम्ही न थांबता सांगता. मी पुष्कळ वेळा ऐकली. तिथे काहीतरी आहे जे सांगायचं नाही असं मला वाटलं. एवढ्या घट्ट धरलेल्या हाताबद्दल काय सांगायचं नसेल, असा विचार केला. बरोबर आहे का ते मला माहीत नाही."

परीक्षकांना ते थांबणं कधीच ऐकू गेलं नव्हतं, सपाट आवाजात ते गाळलं जायचं. बायकोला ऐकू गेलं नव्हतं, तिला ती गोष्ट तोंडपाठ होती. मला स्वतःला ठाऊक नव्हतं. ताई माझ्या उशाशी जिथे थांबायची तिथे मी थांबत होतो, तिचं गुपित न कळता सांभाळत होतो, आणि जगात ज्यानं ते नीट कान देऊन ऐकलं तो हा होता. माझे डोळे भरून आले. लाज वाटली. कोणाची ते कळलं नाही.

मुख्य बाई म्हणाल्या, की म्हणजे तुमच्याचकडून गेलं ते, बोललेलं असो वा न बोललेलं. तुमच्या मनात असलेलं त्यानं उचललं. उसनं म्हणू या? त्यांनी ते समजुतीनं, जवळजवळ मायेनं विचारलं. मी नुसतं हो म्हटलं असतं तर झालं असतं. पलीकडचा संध्याकाळच्या आत कोरा झाला असता, मी दुसऱ्या दिवशी खुर्चीवर येऊन बसलो असतो, माणूस म्हणून, आणि नव्या पलीकडच्याला हीच गोष्ट ऐकवली असती. त्यालाही ते थांबणं ऐकू आलं असतं की नाही कोण जाणे. चष्मेवाली माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आत्ता हिनं डोळे मिटून नुसतं ऐकलं तर ही काय सांगेल, या खोलीत किती जण आहेत म्हणून?

"माझ्या मनात ते नव्हतं," मी म्हणालो. "मला माहीतच नव्हतं. मी तिथे नव्हतो. लिफ्टमध्ये माझी ताई होती."

मुख्य बाईंना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांना सगळंच समजलं, म्हणजे मी काय गमावलं तेही. त्यांनी चष्मेवालीला सांगितलं, की स्वतःचं असं नोंदवा, वरच्या मंडळाकडे जाईल. तोवर कोणी हात लावायचा नाही. चष्मेवाली उठून गेली. मग बाई माझ्याकडे वळल्या. त्या चिडल्या नव्हत्या, खरं तर त्याही माझ्याइतक्याच गोंधळल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मग इतकी वर्षं त्या खुर्चीवर कोण बसलं होतं?"

मी खरोखर विचार केला. कॉलर टोचत होती ते आठवलं, गॅसची शंका आठवली, गोवर मात्र काही केल्या आठवेना. कर्ण्यातून काही आवाज येत नव्हता, पण तो ऐकत होता हे मला माहीत होतं.

"ठाऊक नाही," मी म्हणालो. "पण त्याला पुसू नका."

"कोणाला?" बाईंनी विचारलं.

मी कर्ण्याकडे हात केला, आणि तो अर्ध्या वाटेत माझ्याच छातीवर आला.